तार गेली, मग वीज कुठून येणार? बिनतारी गेम कंट्रोलरची सव्वाशे वर्षे

१/
संगणकावर खेळण्यासाठी बिनतारी कंट्रोलर घेणारा माणूस आज दोन प्रश्नांपाशी अडतो. जोडणी कोणती घ्यावी, ब्लूटूथची की डोंगलची? आणि वीज कुठली, आत बसवलेल्या बॅटरीची की पेन्सिल सेलची? हे प्रश्न दुकानातले वाटतात. त्यांची मुळे मात्र १८९८ सालच्या न्यूयॉर्कपर्यंत पोहोचतात. तिथपासून आजच्या टेबलापर्यंतचा प्रवास या धाग्यात.

२/
आधी एक सूत्र ध्यानात घ्यावे. कंट्रोलरची तार दोन कामे करते. बोटांची आज्ञा ती यंत्राकडे नेते आणि यंत्राची वीज हाताकडे आणते. तार कापली की दोन्ही कामे पोरकी होतात. पहिल्या कामाला रेडिओ लहरींच्या रूपाने वारस मिळाला. दुसऱ्याच्या वारसाहक्काचा वाद अजून मिटलेला नाही. या वस्तूचा सारा इतिहास म्हणजे या दोन कामांची कहाणी.

३/
१८९८. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विद्युत प्रदर्शन भरले होते. निकोला टेस्ला याने तिथे पाण्याच्या टाकीत एक छोटी होडी सोडली आणि कोणतीही तार न जोडता ती दुरून वळवून दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला या शोधाचे ६१३८०९ क्रमांकाचे अमेरिकी पेटंट मिळाले. होडीला चालवणारी वीज तिच्या पोटातल्या बॅटऱ्यांतून येत होती. बिनतारी आज्ञा आणि बॅटरी यांची गाठ अशी पहिल्या दिवसापासूनच बांधलेली आहे.

४/
ही गाठ घराघरांत पोहोचायला चार दशके लागली. १९३९ मध्ये फिल्को या अमेरिकी कंपनीने आपल्या रेडिओ संचासोबत ‘मिस्ट्री कंट्रोल’ नावाची लाकडी पेटी आणली. तिच्यावर टेलिफोनसारखी तबकडी होती. तबकडी फिरवली की पेटीतून रेडिओ स्पंद निघत आणि खोलीपलीकडच्या संचावर केंद्र बदले. पेटीत बॅटरी होती, म्हणजे ती संपण्याची चिंताही त्याच पेटीतून घरात आली.

५/
दूरचित्रवाणीच्या काळात झेनिथ कंपनीने १९५० मध्ये ‘लेझी बोन्स’ हा रिमोट विकायला काढला. त्याला तार होती आणि ती दिवाणखान्यात लोकांच्या पायांत येई. १९५५ मध्ये यूजीन पॉली या अभियंत्याने ‘फ्लॅश-मॅटिक’ तयार केला. संचाच्या चार कोपऱ्यांत प्रकाशसंवेदी घटक बसवलेले होते. त्यांवर हातातल्या विजेरीचा झोत टाकायचा. अडचण एवढीच की खिडकीतून आलेले ऊनही कधी कधी वाहिनी बदलून जाई.

६/
पुढची पायरी या धाग्याच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. १९५६ मध्ये रॉबर्ट ॲडलर याने ‘स्पेस कमांड’ रिमोट आणला आणि त्यात बॅटरीच नव्हती. बटण दाबले की छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटे. दांडीतून माणसाच्या कानाला ऐकू न येणारा श्राव्यातीत ध्वनी निघे आणि संच तो ओळखे. चार आज्ञांसाठी चार दांड्या होत्या.

७/
बॅटरी वगळण्याचे कारण तांत्रिक नव्हते. विक्री विभागाला धास्ती होती की रिमोटमधली बॅटरी संपली तर ग्राहकाला संचच बिघडला असे वाटेल. त्या सोयीची किंमत मात्र संचाला मोजावी लागली. ध्वनी ओळखण्यासाठी आत सहा जादा निर्वात नलिका बसवाव्या लागल्या आणि संचाचा भाव सुमारे ३० टक्क्यांनी चढला. हातातले ओझे हलके केले की ते दुसऱ्या टोकाला जाऊन बसते. हा नियम पुढेही पुन्हा पुन्हा दिसतो.

८/
आता खेळांकडे वळू. १९५८ मध्ये ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम याने ‘टेनिस फॉर टू’ हा खेळ मांडला. खेळाडूच्या हाती एक गोल खुंटी आणि एक बटण असलेली छोटी पेटी होती. १९६२ मध्ये एमआयटीत पीडीपी-१ संगणकावर ‘स्पेसवॉर’ अवतरला. सुरुवातीला तो संगणकाच्या फलकावरच्या खटक्यांनी खेळला जाई. त्याने कोपरे दुखत, शिवाय एका खेळाडूला पडदा तिरका दिसे.

९/
तेव्हा ॲलन कोटोक आणि बॉब साँडर्स यांनी सुट्या भागांतून दोन स्वतंत्र पेट्या बनवल्या आणि त्या तारांनी संगणकाला जोडल्या. गेम कंट्रोलरचा जन्म असा शरीराच्या तक्रारीतून झाला. यंत्रापासून माणसाला चार पावले दूर, आरामात बसता यावे, ही त्यामागची पहिली इच्छा. तारेपासून सुटका हा त्याच इच्छेचा पुढचा टप्पा होता.

१०/
१९७२ चा मॅग्नावॉक्स ओडिसी, १९७७ चा अटारी २६००, १९८३ चा जपानी फॅमिकॉम, सगळे तारेचे. फॅमिकॉमचे कंट्रोलर तर यंत्रालाच कायमचे जोडलेले होते. तार बिघडली तर यंत्र उघडल्यावाचून गत्यंतर नसे. तरी एक गोष्ट तारेच्या बाजूने होती. कंट्रोलरला वीज कुठून मिळते हा प्रश्न कोणा खेळाडूला पडलाच नाही.

११/
तार तोडण्याचा मोठा प्रयत्न अटारीने १९८१ च्या सुमारास केला. ‘अटारी २७००’ या नियोजित यंत्राचे कंट्रोलर रेडिओवर चालणार होते. पण प्रत्येक कंट्रोलरला स्वतःची वेगळी ओळख दिलेली नव्हती. लहरी दूरवर जात असल्याने एका घरातला कंट्रोलर शेजारच्या घरातले यंत्रही हलवू शकला असता. हे यंत्र बाजारात आलेच नाही. आज कंट्रोलर वापरण्याआधी तो संगणकाशी ‘पेअर’ करावा लागतो, तो विधी याच अडचणीचे उत्तर आहे.

१२/
१९८३ मध्ये अटारीने २६०० साठी बिनतारी जॉयस्टिकची जोडी विकायला काढली. ती रेडिओवर चाले, तिला अँटेना होता आणि आत नऊ व्होल्टची बॅटरी. बॅटरी आणि प्रक्षेपक मावावेत म्हणून तिचा पाया नेहमीच्या जॉयस्टिकच्या मानाने चांगलाच अवजड झाला. तार गेली खरी. तिचे वजन मात्र तळहातावर आले.

१३/
मग अवरक्त किरणांची पाळी आली. १९८९ मध्ये निन्टेन्डोने ‘एनईएस सॅटेलाइट’ आणले. चार तारवाले कंट्रोलर एका पेटीत खुपसायचे आणि ती पेटी अवरक्त किरणांनी यंत्राशी बोलणार. या पेटीला सहा जाडजूड ‘सी’ सेल लागत. शिवाय अवरक्त किरणांना भिंत ओलांडता येत नाही आणि माणूसही ओलांडता येत नाही. पडद्यासमोरून कोणी पाणी प्यायला गेले तरी खेळातला वीर जागीच थबके.

१४/
या काळात वैयक्तिक संगणकाची वाट वेगळी होती. १९८१ च्या आयबीएम पीसीसाठी पंधरा टाचण्यांच्या गेम पोर्टचे कार्ड मिळे. त्याची रीत मजेशीर होती. जॉयस्टिक हलली की आतला विद्युतरोध बदले, त्यामुळे एक धारित्र भरायला कमीजास्त वेळ लागे, आणि संगणक तो वेळ मोजून काडीची जागा ठरवी. मोजणी चालू असताना प्रोसेसर त्यातच अडकून पडे. वीज मात्र त्याच पोर्टातून येई, पाच व्होल्टची.

१५/
१९९६ मध्ये यूएसबीचे पहिले प्रमाण जाहीर झाले आणि गेम पोर्टचे दिवस भरले. यूएसबीच्या एका तारेत संदेश आणि पाच व्होल्टची वीज दोन्ही नांदत होती. साधारण उपकरणाला १०० मिलीअँपिअर, मागणी मान्य झाल्यास ५०० पर्यंत. तारेच्या कंट्रोलरसाठी हे सुखाचे शिखर होते. विशेष असे की पुढे हीच यूएसबी बिनतारी कंट्रोलरची दाई ठरली, कारण डोंगलही तिलाच लागतो आणि चार्जिंगही तिच्यातूनच होते.

१६/
आता लहरींचा प्रश्न. रेडिओ वारंवारता म्हणजे सरकारी परवान्याची जमीन. १९४७ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत काही पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय यंत्रांसाठी मोकळे ठेवले गेले. मायक्रोवेव्ह भट्टीचे २.४५ गिगाहर्ट्झ त्याच वाडीतले. १९८५ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने या पट्ट्यांत कमी शक्तीच्या, विस्तारित वर्णपटाच्या उपकरणांना परवान्याविना बोलण्याची मुभा दिली. वाय-फाय आणि ब्लूटूथ याच गावठाणात वसले.

१७/
परवाना नाही, म्हणजे गर्दीही आली. या गर्दीत बोलायचे कसे, याचे एक उत्तर जुने होते. ११ ऑगस्ट १९४२ रोजी अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना अमेरिकी पेटंट मिळाले. पाणतीराला दिलेली आज्ञा शत्रूला अडवता येऊ नये म्हणून प्रक्षेपक आणि ग्राहक यांनी ठरलेल्या क्रमाने एकाच वेळी वारंवारता बदलत राहावे, ही त्यांची कल्पना. पियानोच्या ८८ पट्ट्यांइतक्या वारंवारता त्यांनी सुचवल्या होत्या. त्या युद्धात नौदलाने ती वापरली नाही.

१८/
‘लामारने ब्लूटूथ शोधले’ असे पुष्कळदा लिहिले जाते. ते अतिरंजित आहे. वारंवारता बदलत राहण्याचे तत्त्व मात्र ब्लूटूथच्या मुळाशी आहे. एरिक्सन कंपनीत १९९४ पासून त्यावर काम सुरू झाले. दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅरल्ड ब्लूटूथ या राजाचे नाव त्याला मिळाले. मूळ ब्लूटूथ ७९ वाहिन्यांमध्ये सेकंदाला १६०० वेळा जागा बदलते. २००३ च्या आवृत्तीपासून ते गजबजलेल्या वाहिन्या ओळखून टाळू लागले.

१९/
भारतात हा पट्टा जानेवारी २००५ च्या नियमांनी कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. मुंबई-पुण्यातल्या घरांत आज वाय-फाय, बिनतारी माऊस आणि कंट्रोलर शेजारी शेजारी नांदतात, त्यामागे दिल्लीच्या राजपत्रातली ही नोंद आहे. खेळण्याच्या साध्या वस्तूलाही कायद्याची पार्श्वभूमी असते, याचे हे उत्तम उदाहरण.

२०/
२००२. निन्टेन्डोचा ‘वेव्हबर्ड’ अवतरला. रेडिओवर २.४ गिगाहर्ट्झला बोलणारा, सोळा वाहिन्यांतून हवी ती निवडू देणारा, दोन पेन्सिल सेलांवर सुमारे १०० तास चालण्याचे वचन देणारा. बिनतारी कंट्रोलर भरवशाचा असू शकतो, हे सामान्य खेळाडूला त्याने पटवले. पण शंभर तास आले कुठून? निन्टेन्डोने त्यातून कंपन काढून टाकले होते.

२१/
कंपन ही विजेची मोठी गिऱ्हाईक आहे. त्यासाठी छोट्या मोटरीवर वाकडे वजन फिरवावे लागते. १९९७ मध्ये निन्टेन्डोने ‘रंबल पॅक’ आणले तेव्हा कंट्रोलरला तार असूनही त्या पॅकला दोन बारीक सेल वेगळे घालावे लागत. सोनीच्या ‘ड्युअलशॉक’ने त्याच वर्षी जपानमध्ये कंपनाला थेट यंत्राची वीज दिली. तार गेल्यावर ही चैन परवडणार कशी? वेव्हबर्डचे उत्तर होते, चैन सोडून द्यावी.

२२/
इथे थोडी सेलांची वंशावळ. पेन्सिल सेलाचा आकार १९०७ चा आहे आणि १९४७ मध्ये अमेरिकेत तो प्रमाणित झाला. लुईस उरी याच्या संशोधनातून आलेला अल्कलाइन सेल १९५९ मध्ये बाजारात पोहोचला. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी विक्रीस आणली. त्यामागच्या विज्ञानासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे नोबेल मिळाले. पहिला वंश जगभर एकाच मापाचा. दुसरा हलका आणि शक्तिमान, पण प्रत्येक घराण्याचे माप निराळे.

२३/
२००५-०६ मध्ये या दोन वंशांची वाट फुटली. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० च्या बिनतारी कंट्रोलरने पेन्सिल सेल स्वीकारले. हवे असल्यास त्याच खाचेत बसणारी चार्ज होणारी बॅटरी वेगळी विकत घ्यावी. सोनीच्या ‘सिक्सॲक्सिस’ने लिथियम-आयन बॅटरी आत बंद केली आणि चार्जिंगसाठी यूएसबीचे तोंड दिले. एकाने खेळाडूला सेल बदलण्याचे स्वातंत्र्य दिले, दुसऱ्याने सेल आठवण्याची दगदग वाचवली. आजही बाजार याच फाट्यावर उभा आहे.

२४/
संगणकावर खेळणाऱ्यांसाठी या फाट्यावर एक खड्डाही होता. एक्सबॉक्स ३६० च्या बिनतारी कंट्रोलरची चार्जिंगची तार संगणकाला लावली तर वीज जाई, संदेश जात नसे. तार डोळ्यांसमोर जोडलेली असूनही संगणक कंट्रोलर ओळखत नसे. त्यासाठी २००७ मध्ये आलेला स्वतंत्र यूएसबी रिसीव्हर घ्यावा लागे. सूत्रातली दोन कामे किती वेगळी आहेत, हे याहून स्पष्टपणे कोणत्याही वस्तूने शिकवले नाही.

२५/
तिसरा प्रश्न भाषेचा. विंडोजवरचे जुने खेळ ‘डायरेक्टइनपुट’ या पद्धतीने कंट्रोलर ओळखत. २००५ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ‘एक्सइनपुट’ आणले आणि पुढचे बहुतेक खेळ त्याच भाषेत बोलू लागले. २०१० च्या लॉजिटेक एफ७१० या बिनतारी कंट्रोलरवर तर दोन भाषांमध्ये बदल करण्यासाठी चक्क एक खटका होता. २०१६ च्या अखेरीस स्टीमने सोनीच्या कंट्रोलरसाठी दुभाष्याचे काम पत्करले. म्हणून आज सोनीचा कंट्रोलर घेणाऱ्याने आपला खेळ स्टीममधून चालतो का, हे आधी पाहावे.

२६/
आता आकड्यांकडे पाहू. सोनीच्या २०१३ च्या ‘ड्युअलशॉक ४’मध्ये १००० एमएएचची बॅटरी आहे, म्हणजे सुमारे ३.६ वॉट-तास. प्रकाशपट्टी, कंपन आणि ब्लूटूथ यांचा संसार त्यावर चालतो, म्हणून ती एका बैठकीत दमते. निन्टेन्डोच्या २०१७ च्या ‘स्विच प्रो’मध्ये १३०० एमएएच आहेत आणि कंपनीचा दावा ४० तासांचा आहे. साठा जवळपास सारखा, टिकण्यात अंतर मोठे. बॅटरीच्या आकाराइतकीच काटकसर महत्त्वाची, हा त्याचा अर्थ.

२७/
पेन्सिल सेलाच्या बाजूनेही काळ थांबला नव्हता. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल पूर्वी कपाटात ठेवल्या ठेवल्या रिते होत. नोव्हेंबर २००५ मध्ये सान्योने ‘एनेलूप’ आणले. ते महिनोन्‌महिने भार धरून ठेवत. २००० एमएएचच्या दोन सेलांत १.२ व्होल्टच्या हिशेबाने ४.८ वॉट-तास मावतात, म्हणजे ड्युअलशॉक ४ च्या बॅटरीहून अधिक. चार सेल आणि एक चार्जर घेतला की दोन खेळात, दोन भिंतीवर. तार लावून बसण्याची वेळच येत नाही.

२८/
२०१५ मध्ये व्हॉल्व्हने खास संगणकासाठी ‘स्टीम कंट्रोलर’ आणला. त्यातही दोन पेन्सिल सेल, आणि दावा ८० तासांपर्यंतचा. तो डोंगलवर चाले. २०१८ मध्ये सॉफ्टवेअर अद्ययावत करून त्याला ब्लूटूथ मिळाले. त्याचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१६ मध्ये कंट्रोलरला ब्लूटूथ दिले आणि २०२० मध्ये चार्जिंगचे तोंड यूएसबी-सी केले, तरी पेन्सिल सेलाची खाच मात्र सोडली नाही. त्याच वर्षीच्या सोनीच्या ‘ड्युअलसेन्स’मध्ये १५६० एमएएचची बॅटरी आतच राहिली.

२९/
ड्युअलसेन्समध्ये एक जुनी गोष्ट नव्याने घडली. त्याचे सूक्ष्म कंपन आणि ताठर होणारे ट्रिगर संगणकावरच्या अनेक खेळांत यूएसबीची तार जोडल्यावरच पूर्ण अनुभवता येतात. बिनतारी कंट्रोलर विकत घेतलेला खेळाडू चैनीसाठी पुन्हा तारेकडे वळतो. वेव्हबर्डने २००२ मध्ये जो सौदा केला, तोच हा सौदा. फक्त निवड आता खेळाडूच्या हाती आली आहे.

३०/
लहरींच्या गावठाणात एक नवा शेजारीही आला. २०१२ मध्ये इंटेलने दाखवून दिले की यूएसबी ३.० च्या जोडण्यांमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट सांडतो. संगणकाच्या मागे, यूएसबी ३.० च्या खाचेत बाह्य डिस्क आणि तिच्या शेजारी कंट्रोलरचा डोंगल, अशी मांडणी असेल तर आज्ञा अडखळतात. बरेच जण दोष बॅटरीला देतात. उपाय साधा आहे. हातभर यूएसबी जोडतार घेऊन डोंगल पुढे, टेबलावर, कंट्रोलरच्या नजरेसमोर ठेवावा.

३१/
या इतिहासातून निवडणाऱ्याला चार गोष्टी हाती लागतात.
• एकाच टेबलावरून खेळायचे असेल तर स्वतःचा डोंगल असलेला कंट्रोलर सहसा अधिक निश्चिंत.
• फोन, लॅपटॉप, संगणक असा फिरता वापर असेल तर ब्लूटूथ हवेच.
• रोज थोडे खेळून रात्री तारेला लावणाऱ्याला आतली बॅटरी सोयीची.
• आठवड्यांनी खेळणाऱ्याला पेन्सिल सेल बरे. पण ठेवून देताना अल्कलाइन सेल काढून ठेवावेत, कारण गळालेले क्षार खाचेतले धातू खातात.

३२/
पाचवी गोष्ट सर्वांत मोठी, म्हणून ती वेगळी. कंट्रोलर मरतो कशाने? बटणे पुष्कळ वर्षे टिकतात. लिथियम-आयन बॅटरी मात्र वापरली तरी आणि नुसती ठेवली तरी म्हातारी होते. पूर्ण भरून उष्णतेत ठेवली तर अधिक लवकर. ड्युअलशॉक ४ चे चार स्क्रू काढून आतली बॅटरी बदलता येते, तिची जोडणी डाख न देता सुटते. पण हे करण्याचे धाडस किती जणांना होते? धडधाकट वस्तू एका थकलेल्या सेलापायी भंगारात जाते.

३३/
वेव्हबर्डची कथा याच्या उलटी आहे. दोन दशकांनंतरही त्यात किराणा दुकानातले पेन्सिल सेल घातले तर त्याला वीज मिळते. त्याचे मरण दुसऱ्या टोकाला आहे. सोबतचा रिसीव्हर हरवला की तो मुका होतो, कारण त्याची भाषा दुसऱ्या कोणाला येत नाही. विजेच्या बाजूने अमर, संदेशाच्या बाजूने परावलंबी. सूत्रातली दोन कामे इथे पुन्हा समोरासमोर उभी राहतात.

३४/
या दोहोंना जोडणारा प्रसंग अगदी अलीकडचा आहे. १८ जानेवारी २०२३ रोजी गूगलने ‘स्टेडिया’ ही खेळसेवा बंद केली. तिचे कंट्रोलर वाय-फायने थेट गूगलच्या सर्व्हरशी बोलत. सर्व्हरच गेला, तर ते चांगल्या स्थितीतले असूनही बिनतारी उपयोगाचे राहिले नसते. तेव्हा गूगलने एक साधन खुले केले. त्याने कंट्रोलरच्या आत निजलेले ब्लूटूथ जागे करता येई. त्याची मूळ मुदत २०२३ अखेरची होती, ती नंतर वाढवली गेली. ज्यांनी ते वेळेत केले, त्यांच्या कंट्रोलरला दुसरा जन्म मिळाला.

३५/
ब्लूटूथने तो कंट्रोलर वाचवला, कारण ती सर्वांची सामाईक भाषा आहे. पेन्सिल सेल वेव्हबर्डला जगवतो, कारण तो सर्वांचे सामाईक माप आहे. वस्तू दीर्घायुषी होते ती या सामाईकपणामुळे. जिथे कंपनीने स्वतःपुरती भाषा किंवा स्वतःपुरते माप ठेवले, तिथे वस्तूचे आयुष्य कंपनीच्या उत्साहाला बांधले गेले.

३६/
कायदाही आता या बाजूला सरकतो आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता यावी, अशी सर्वसाधारण अट लागू होणार आहे. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. घरात मात्र काम साधे आहे. फुगलेली किंवा मेलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्यावी.

३७/
१९५६ मध्ये एका विक्री विभागाला वाटले होते, सेल संपला तर ग्राहक समजेल की यंत्रच संपले. ती भीती त्या काळी बॅटरी टाळून मिटवली गेली. आज अनेक कंट्रोलरांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी झाली आहे. सेल संपतो आणि त्याच्याबरोबर यंत्रही संपते. म्हणून पुढचा कंट्रोलर हाती घेताना किती तास चालतो हे जरूर पाहावे, आणि त्याचबरोबर दहा वर्षांनी याला वीज कोण देईल आणि याची भाषा कोणाला कळेल, हेही विचारावे. या सव्वाशे वर्षांनी शिकवलेला प्रश्न तोच आहे.

धागा समाप्त.
#इतिहास #तंत्रज्ञानाचा_इतिहास #गेमिंग